नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेषांच्या पट्टीवर संगीत लिहिण्याच्या, प्रोग्राममध्ये स्वरांखाली मराठी शब्द भरले की ठरावीक तक्रारी सुरू होतात. ‘भक्ती’चं ‘भक्‌ ती’ होतं, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते, एखादा काना ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला दिसतो. हेच शब्द वर्ड प्रोसेसरमध्ये व्यवस्थित होते. मग फॉन्ट बदलला जातो. एक दुखणं जातं, दुसरं उपटतं, आणि पुढचं गाणं लिहायला घेतलं की पहिलं परत येतं.

फॉन्ट बदलत राहण्याने हे सुटत नाही, कारण जोडाक्षर हे एकट्या फॉन्टचं काम नाही. आधी अक्षरांचे कोड योग्य क्रमाने एकमेकांना लागून असावे लागतात. मग त्या जोडीचं रूप आणि ते कधी वापरायचं याचा नियम फॉन्टमध्ये असावा लागतो. तो नियम वाचून अक्षरं मांडणारं इंजिन प्रोग्रामच्या पोटात असावं लागतं. आणि नोटेशनमध्ये एक चौथी गोष्ट येते, जी इतर कुठल्याच लेखनात नसते: प्रोग्राम तुमचा शब्द प्रत्येक स्वरासाठी तोडून वेगवेगळ्या तुकड्यांत साठवतो. दोन तुकडे कागदावर कितीही जवळ छापले तरी त्यांच्यात लिगेचर, म्हणजे अक्षरांचा एकसंध जोड, होत नाही. इंजिन एका वेळी एकच तुकडा बघतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही.

आधी एक चाचणी

रिकामा स्कोअर, म्हणजे संगीताची फाइल, उघडा. ‘शक्ति, मूर्ति, राष्ट्र, दऱ्या, विठ्ठल, ज्ञान’ ही ओळ शीर्षकाच्या चौकटीत टाका. गीताच्या शब्दांत नाही, शीर्षकातच टाका. शीर्षक हा एकसंध मजकूर असतो, प्रोग्राम तो तोडत नाही. मात्र गीतासाठी जो फॉन्ट लावला आहे तोच इथे लावा.

ओळ शीर्षकात नीट दिसली आणि स्वरांखाली बिघडली, तर फॉन्ट निर्दोष आहे, इंजिनही निर्दोष आहे. दोष शब्द तोडण्यात आहे. शीर्षकातच बिघडली, तर कोड, फॉन्ट आणि इंजिन यांपैकी कोण हे शोधायचं. तेही त्याच ओळीत दिसतं.

‘शक्ति’मधली वेलांटी बघा. ती संपूर्ण ‘क्ति’च्या डावीकडे हवी. ती ‘त’च्या उजवीकडे दिसत असेल, तर इंजिन मांडणीच करत नाही, टंकलेल्या क्रमाने चिन्हं नुसती ओळीने ठेवतंय. हा प्रोग्रामचा दोष. जुनी आवृत्ती असेल तर नवी घ्या, फॉन्टच्या मागे लागून उपयोग नाही. वेलांटी क आणि त यांच्या मध्ये आली आणि ‘क’चा पाय मोडलेला दिसला, म्हणजे ‘शक्‌ति’ असं झालं, तर बहुधा मध्ये शून्य रुंदीचं विभाजक चिन्ह शिरलंय. ते डोळ्यांना दिसत नाही, पण जोडाक्षर रोखतं. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक २००सी. शब्द खोडून हाताने पुन्हा टंकला की जातं.

‘विठ्ठल’मध्ये ठ खाली ठ न येता पहिल्या ठचा पाय मोडलेला दिसला, तर काही बिघडलेलं नाही. त्या फॉन्टमध्ये ती उभी जोडी काढलेलीच नाही. खटकत असेल तर फॉन्ट बदला. फॉन्ट बदलणं हा खरा उपाय असतो तो या प्रकारच्या तक्रारीत.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर एखादी मात्रा आपल्या व्यंजनापासून तुटून तुकड्याच्या सुरुवातीला आली आहे. इंजिन तिच्याखाली रिकामी जागा दाखवतंय, इतकंच. कोणी लांबवलेला आकार दाखवायला पुढच्या स्वराखाली नुसता काना टाकतं, तेव्हा हमखास हे होतं. लांबवण्यासाठी प्रोग्रामची आडवी रेघ वापरा. भातखंडे पद्धतीची सवय असेल तर अवग्रह ‘ऽ’ टाका. तो स्वतंत्र अक्षर आहे, त्याला आधार लागत नाही.

शब्द कुठे तोडायचा

‘भक्ती’ दोन स्वरांवर आहे. बोलताना आपण भक्-ती म्हणतो, म्हणून टंकणारा पहिल्या स्वराखाली ‘भक्’ लिहितो, हायफनची कळ दाबतो आणि दुसऱ्याखाली ‘ती’ लिहितो. हायफन दाबताच प्रोग्रामने तुकडा बंद केला. पाय मोडलेल्या ‘क’ला जोडायला आता पुढे कोणीच नाही, म्हणून तो पाय मोडलेलाच दिसतो. यात प्रोग्रामने काहीही चुकीचं केलेलं नाही.

याचा पुरावा फाइलमध्येच मिळतो. स्कोअर म्युझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकारात निर्यात करा आणि साध्या मजकूर संपादकात उघडा. प्रत्येक स्वराच्या पोटात गीताचा एक वेगळा घटक दिसेल, आणि त्यावर हा तुकडा शब्दाच्या सुरुवातीचा, मधला, शेवटचा की एकटाच, याची खूण असेल. ‘भक्ती’ हा अख्खा शब्द त्या फाइलमध्ये शोधून सापडणार नाही. जो शब्द कुठेच सलग नाही, त्याचं जोडाक्षर कोणता फॉन्ट करणार?

उपाय सोपा आहे: भ-क्ती असं तोडा. जोडाक्षर नेहमी पुढच्या स्वराबरोबर, अख्खं. स-त्य, स्व-प्न, कृ-ष्ण, आ-त्मा. देवनागरी वाचणाऱ्याची नजर अक्षरागणिक चालते. ‘क्ती’ हा आकार त्याला ओळखीचा आहे, ‘भक्’ नाही. पहिला स्वर लांब असेल तर क कधी म्हणायचा हे गायकाला कसं कळणार, असा आक्षेप घेतला जातो. पण मराठी जाणणारा गायक शब्द आधीच ओळखतो. तो ‘भ’वर थांबतो आणि क योग्य वेळी मिटतो. देवनागरी न वाचणारे गायक असतील तर त्यांच्यासाठी दुसरी ओळ रोमन लिपीत द्या, आणि त्या ओळीत उच्चाराप्रमाणे तोडा. दोन लिप्यांचे तोड एकाच जागी आणण्याचा हट्ट धरला की दोन्ही ओळी वाचायला अवघड होतात.

रफाराच्या शब्दांत तर दुसरा मार्गच नाही. ‘मूर्ती’चं मूर्-ती केलं की रफार नाहीसाच होतो आणि मूच्या शेजारी पाय मोडलेला र उभा राहतो. वाचणारा तिथे अडखळतो. मू-र्ती असं तोडलं की ‘र्ती’वर रफार आपोआप चढतो, कारण र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि त हे तिन्ही आता एकाच तुकड्यात आहेत. दर्शन: द-र्श-न. सूर्य: सू-र्य.

खरोखरच अक्षर मिटून दाखवायचं असेल, म्हणजे मुद्दाम ‘भक्’वर थांबून विराम आणि मग ‘ती’ अशी रचना असेल, तर पाय मोडलेला क तसाच ठेवा. तिथे तो बरोबर आहे. हलन्ताच्या पुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह, म्हणजे २००डी, टाकून अर्धा ‘क्‍’ आणता येतो, पण अर्ध्या अक्षरापुढे हायफन विचित्र दिसतो. मी तो वापरत नाही.

तोडण्याचं काम यंत्राला दिलं असेल तर

मोठ्या गाण्याचे शब्द हाताने तोडायचा कंटाळा येतो, म्हणून कोणी छोटी स्क्रिप्ट लिहितं. ती एकेका कोडवर तोडत असेल तर ‘क्ती’चे क, हलन्त, त, दीर्घ वेलांटी असे चार तुकडे पडतात आणि ओळभर ठिपक्यांची वर्तुळं उगवतात. मग कोणीतरी सुचवतं की युनिकोडच्या अक्षरसमूहाच्या नियमाने तोडा. सल्ला बरोबर आहे, पण इथे आवृत्ती बघावी लागते. जुन्या नियमात समूह हलन्तानंतर तुटायचा, म्हणजे ‘भक्ती’चे भ, क्, ती असे तीन तुकडे. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. तुमची लायब्ररी, म्हणजे स्क्रिप्ट वापरते तो तयार प्रोग्रामसंच, त्याआधीची असेल तर क् सुटाच निघेल. लायब्ररी अद्ययावत करा, नाहीतर स्क्रिप्टमध्ये एक अट घाला: तुकडा हलन्ताने संपत असेल तर तो पुढच्याला जोडा. शब्दाच्या शेवटी खरोखरच पाय मोडलेलं अक्षर असेल, उदाहरणार्थ ‘अर्थात्’, तर त्याला या अटीतून वगळा.

वाऱ्याचा वार्या

हा घोटाळा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण यात अक्षर नुसतं कुरूप होत नाही, शब्दच बदलतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. गायक समोर दिसेल ते गातो.

ऱ्य आणि ऱ्ह यांतला आडवा, पापणीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो. एक, साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह. दोन, ठिपक्याचा ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच. फरक प्रवासात पडतो. जोडचिन्ह अदृश्य असल्यामुळे मजकूर ‘स्वच्छ’ करणारी कोणतीही पायरी ते उडवून टाकू शकते. ते उडालं की साधा र आणि हलन्त उरतात, आणि त्यांचा रफार होतो. ‘वाऱ्यावर’ टंकलेलं ‘वार्यावर’ होतं ते असं.

म्हणून ०९३१ वापरा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्टसह ऱ मिळतो. आधीचं गाणं दुरुस्त करायचं असेल तर शब्द साध्या मजकूर संपादकात नेऊन र, हलन्त, जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ, हलन्त अशी बदली एकदम करा. जोडचिन्ह आधीच उडालं असेल तर मात्र शोध चालणार नाही, कारण ‘सूर्य’ आणि ‘आचार्य’मधले रफार खरे असतात. तिथे प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा लागतो, आणि तो घालावाच.

फॉन्ट

नोटेशन प्रोग्रामचा मूळ मजकूर फॉन्ट बहुधा फक्त रोमन लिपीसाठी असतो. म्यूझस्कोर या प्रोग्रामचा एडविन हा फॉन्ट असाच, त्यात देवनागरी नाही. तरीही शब्द दिसतात, कारण संगणक हाताशी असलेला दुसरा फॉन्ट परस्पर लावतो. तुमच्याकडे एक लागतो, दुसऱ्याच्या संगणकावर दुसरा, आणि अक्षरांची रुंदी बदलली की स्वरांमधलं अंतरही हलतं. ‘माझ्याकडे बरोबर, त्याच्याकडे चूक’ यामागे बहुतेक वेळा हेच असतं. गीताच्या मजकूर शैलीत देवनागरी फॉन्ट नावानिशी लावा. एकेका शब्दाला लावू नका, शैलीलाच लावा, म्हणजे दुसरं कडवं भरताना तो सुटणार नाही.

ल आणि श हिंदी वळणाचे येतात अशी तक्रार असेल, तर तिचं कारण निराळं. काही फॉन्टांत मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामने सांगितलं तरच ती पुढे येतात. नोटेशन प्रोग्राममध्ये गीताची भाषा सांगायची सोय क्वचितच असते. अशा वेळी मराठी रूपं मूळचीच असलेला फॉन्ट घ्यावा. टिरो देवनागरी मराठी हा मराठीसाठी वेगळा काढलेला फॉन्ट मोफत मिळतो.

कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेलं गाणं असेल तर आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच पुढे जा. त्या फॉन्टांत प्रत्यक्ष साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर नुसता देवनागरी मुखवटा असतो. नोटेशन प्रोग्राम हायफन आणि मोकळी जागा यांना तोडण्याची खूण मानतो, आणि त्या फॉन्टात हायफनच्या कोडवर भलतंच चिन्ह असू शकतं.

लिलीपाँड हा नोटेशन प्रोग्राम मजकुरासाठी पँगो या लायब्ररीवर आणि पँगो हार्फबझ या मांडणीच्या इंजिनवर अवलंबून आहे. म्यूझस्कोर क्यूटी या लायब्ररीवर उभा आहे, आणि क्यूटीही हार्फबझच वापरतं. म्हणजे या दोन्हींत मांडणीचं सक्षम इंजिन आहे. तिथे संशय आधी कोडवर, मग फॉन्टवर घ्यावा.

आणखी दोन बारीक गोष्टी. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय कुठे शून्याहून वेगळी ठेवली असेल तर ती शून्यावर आणा. रोमनमध्ये त्याने फक्त लिगेचर सुटतात, देवनागरीत शिरोरेषाच फाटते. दुसरं, जोडाक्षराच्या एका भागाला वेगळा रंग किंवा ठळकपणा देऊ नका. स्वरूप बदललं की इंजिनच्या दृष्टीने मजकूर तिथे तुटू शकतो. शिकवताना अर्धं अक्षर लाल करून दाखवायचा मोह होतो. रंग अख्ख्या ‘क्ती’ला द्या.

रोमन ओळीतले लिगेचर

रोमन ओळीत नेहमीची तक्रार एफ आणि आय यांच्या जोडीची असते. ‘मॅग्निफिकॅट’ या लॅटिन शब्दात ही जोडी एकाच उच्चारखंडात येते, म्हणून लिगेचर व्हायला हरकत नाही. ‘ऑफिस’ या इंग्रजी शब्दात मात्र दोन एफ आणि आय यांचं तिहेरी लिगेचर सलग मजकुरात होतं, पण स्वरांखाली शब्द दोन एफच्या मधोमध तुटतो. तिथे तिहेरी लिगेचर होऊच नये, उरलेल्या एफ-आयचं व्हावं. तुटलेल्या तुकड्यात एखादा प्रोग्राम आपसूक तसंच करतो.

बिघडतं कधी? शब्द पीडीएफमधून उचलले की. युनिकोडमध्ये एफ-आय या जोडीला एफबी०१ असा स्वतंत्र कोडही आहे, आणि पीडीएफमधून कधी कधी तोच हाती येतो. एका कोडच्या मध्ये तोडता येत नाही, काही फॉन्टांत त्याचं रूपच नसतं, आणि शोधायला गेलात तर शब्द सापडत नाही. एफबी०० ते एफबी०४ हे पाचही कोड शोधून त्यांच्या जागी सुटी अक्षरं घाला. फॉन्टला लिगेचर करायचं असेल तर तो स्वतः करेल.

लिगेचर नकोच असेल तर लिलीपाँडमध्ये फॉन्टची वैशिष्ट्यं चालू-बंद करण्याचा गुणधर्म आहे. इतरत्र दोन अक्षरांमध्ये तेच विभाजक चिन्ह, २००सी, टाकता येतं. लिलीपाँडची ‘कॉन्कॅट’ ही आज्ञा साध्या अक्षरमाळा छापण्याआधी एकत्र करते, त्यामुळे एफ आणि आय वेगळे लिहिले तरी त्यांचं लिगेचर होतं.

जोर दाखवणारी चिन्हं

‘एमएफ’ (मेझो फोर्टे, म्हणजे मध्यम जोराने) या चिन्हामधली दोन अक्षरं एकमेकांपासून सुटलेली किंवा साध्या तिरप्या अक्षरांसारखी दिसतात, हाही लिगेचरचाच नातेवाईक प्रश्न. आजचे बरेचसे संगीत फॉन्ट स्मूफल या मांडणीप्रमाणे बनतात. २०१३ साली स्टाइनबर्ग या कंपनीने ब्राव्हुरा या फॉन्टबरोबर ती पुढे आणली. तिच्यात एमसाठी ई५२१ आणि एफसाठी ई५२२ असे सुटे कोड आहेत, आणि जुळवलेल्या ‘एमएफ’साठी ई५२डी हा वेगळा. सुटे दोन शेजारी ठेवले की अंतर नशिबावर सोडल्यासारखं होतं. प्रोग्रामच्या चिन्हसंचातून अख्खं चिन्ह उचला, मजकुराच्या चौकटीत हाताने टंकू नका. मजकुरातच घालायची गरज पडली तर ब्राव्हुरा न लावता ब्राव्हुरा टेक्स्ट लावा. मूळ ब्राव्हुराची मापं पाच रेषांच्या पट्टीप्रमाणे ठरलेली आहेत, मजकुरात तो लावला की ओळींमधलं अंतर अवाढव्य होतं.

पाठवण्याआधी

छापायला पीडीएफ द्या, मूळ फाइल नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला असतो. मात्र त्या पीडीएफमधून मराठी शब्द पुन्हा कॉपी करून वापरू नका. त्यात अक्षरांची चित्रं बरोबर असली तरी चित्रावरून कोडकडे परतण्याचा रस्ता जोडाक्षरांपाशी अनेकदा चुकतो. गीताचा मूळ मजकूर वेगळ्या साध्या फाइलमध्ये, तोडलेल्या हायफनांसह, जपून ठेवा. बऱ्याच प्रोग्राममध्ये तो मजकूर कॉपी करून पहिल्या स्वरावर चिकटवत गेलं की एकेक तुकडा पुढच्या स्वराखाली बसत जातो. उच्चारावरून मराठी टंकणारं साधन वापरत असाल तर हा मार्ग जास्तच सोयीचा, कारण त्या साधनाला शब्द पक्का करायला मोकळी जागा लागते आणि नोटेशन प्रोग्राम तीच कळ दाबताच पुढच्या स्वरावर उडी मारतो.

एवढं करूनही एखादा शब्द ऐकत नसेल आणि कोणाला विचारायचं असेल, तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. तो एकच शब्द असलेला एका मात्राखंडाचा स्कोअर, फॉन्टचं नाव, प्रोग्रामची आवृत्ती आणि शीर्षकातल्या चाचणीचा निकाल पाठवा. समोरचा माणूस त्या शब्दाचे कोड उघडून बघू शकेल, आणि उत्तर बहुधा तिथेच असेल.